अकराव्या धड्याच्या पिना

नववीच्या वर्गात सात बाकं होती, अर्धगोलात मांडलेली, म्हणजे कुणाचंही तोंड कुणापासून लपत नव्हतं. सात मुलं होती. सात मुलांच्या कानांवर मिळून अकरा श्रवणयंत्रं होती, त्यांतली पाच चालू. एक फळा, एक टेबल, दाराच्या वर एक पिवळा दिवा. तास संपला की तो दिवा लुकलुकायचा. घंटा नव्हती. टेबलावर विज्ञानाची सात पुस्तकं होती, वापरून वापरून मऊ पडलेली. सातही पुस्तकांत अकराव्या धड्याची पानं एकमेकांना टाचलेली होती. प्रत्येक पुस्तकात तीन पिना.

“ह्या पिना कसल्या, सर?” मी विचारलं.

बोराडे सर मुख्याध्यापक. मराठी शिकवायचे. मला वर्ग दाखवायला ते स्वतः आले होते.

“ध्वनीचा धडा आहे तो. आपल्याकडे वगळतात. पुस्तकं वाटायच्या आधीच टाचून टाकतो. उगाच पोरांनी विचारायला नको.”

“काय विचारायला नको?”

“तेच,” सर म्हणाले आणि मुलांकडे बघून हसले. सात मुलं आमच्या ओठांकडे बघत होती.

निमखेडची ती निवासी मूकबधिर शाळा. कुलथे मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी तीन महिन्यांसाठी मला घेतलं होतं. मी बावीस वर्षांची होते, भौतिकशास्त्रात नुकतीच बी.एस्सी. झालेली. वाळूजच्या एका औषध कंपनीत, उपकरणं तपासायच्या विभागात माझी निवड झाली होती; हजर व्हायला अवकाश होता. मधले महिने घरी बसून काढण्यापेक्षा शाळा बरी, एवढाच माझा विचार होता.

मुलांनाही तो माहीत असावा. त्या शाळेत प्रत्येकाला एक खूण असे, नावाऐवजी. बोराडे सरांची खूण म्हणजे नाकावरून घसरलेला चष्मा वर ढकलायचा. कुलथे मॅडमची खूण म्हणजे खांद्यावरची वेणी. माझी खूण त्यांनी दुसऱ्याच दिवशी ठरवली. तीन बोटं वर करायची आणि मग तोच हात दाराकडे न्यायचा. तीन महिने, मग बाहेर. मला अर्थ कळल्यावर मी हसले, तेव्हा तेही हसले, पण खूण बदलली नाही.

खुणा मी फरीनकडून शिकले. फरीन शेख पंधरा वर्षांची होती, जन्मापासून बहिरी. तिचे वडील मेहबूबभाई यांचा गावात बँड होता, लग्नावरातीचा. पुढे फरीनची जी वाक्यं येतील ती हातांची आहेत. शब्द मी घातलेत.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात मी वर्गात आले, तर फरीनच्या बाकावर तीन वाकड्या पिना ओळीने ठेवलेल्या होत्या. कर्कटकाच्या टोकाने तिने त्या काढल्या होत्या. अकरावा धडा उघडा होता.

“हे खरं आहे का?” तिने एका वाक्यावर बोट ठेवलं. ध्वनी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो, असं ते वाक्य होतं.

“खरं आहे.”

“तुम्ही जाताना बघितलाय?”

“दिसत नाही तो.”

“अम्मी तोंड उघडते. भाई लांब असतो, पाठमोरा. तो वळतो. मधे काहीच दिसत नाही. मग जातो कशावरून?”

मी काहीतरी हवेच्या कणांबद्दल सांगायला लागले. तिने हाताने मला थांबवलं.

“जात असेल तर वेळ लागेल. वेळ लागत असेल तर मोजता येईल. मोजलाय तुम्ही?”

“कॉलेजात मोजला होता.”

“किती आला?”

“चुकला होता,” मी म्हटलं. हे खरं होतं. मैदानाच्या टोकाला फटाका वाजवून आम्ही ध्वनीचा वेग मोजला होता. तो पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बराच जास्त आला. सगळ्यांचाच जास्त आला. सरांनी ‘हाताळणीतील चूक’ असं लिहायला लावलं आणि पुढचा प्रयोग सुरू केला.

“मला मोजायचाय,” फरीन म्हणाली. “आमच्या घरात सगळे आवाज विकतात. अब्बू, चाचा, दोन्ही भाई. लोक येतात, पैसे देतात, हे लोक काहीतरी देतात. काय देतात ते मला बघायचंय.”

त्यानंतर मी रोज मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊ लागले.

“मॅडम,” बोराडे सर म्हणाले, “आंधळ्याला इंद्रधनुष्य शिकवाल का तुम्ही?”

“शिकवीन, सर.”

“शिकवाल! तीन महिन्यांसाठी आलेला माणूस काहीही शिकवेल.” ते रागावले नव्हते. चष्मा वर ढकलून त्यांनी मला खुर्ची दाखवली. “बसा. हे बघा, आपली पोरं दहावीला विज्ञानाऐवजी शिवणकाम नाहीतर चित्रकला घेतात. पास होतात. इथून बाहेर पडताना हातात काहीतरी असतं. ह्या पोरीला विज्ञान घ्यायचंय, हे मला ठाऊक आहे. दोन वर्षं माझ्या मागे लागलीये. पण पेपरात ध्वनीवर प्रश्न आला, आणि पोरगी तेवढ्यासाठी अडकली, तर तिच्या बापाला मी काय सांगू?”

“तिला तो धडा कळला तर?”

“कळला म्हणजे काय? घोकून आमची पोरं काहीही लिहितात.”

“घोकून नाही. ती स्वतः ध्वनीचा वेग मोजेल. आकडा पुस्तकातल्या आकड्याच्या जवळ आला, तर तिचं नाव विज्ञानाला घाला.”

सरांनी कागद पुढे ओढला.

“जवळ म्हणजे किती? मी मराठीचा माणूस. मला मराठीत सांगा.”

“पुस्तकातला आकडा तीनशे पंचेचाळीसच्या आसपास आहे, सकाळच्या तापमानाला. दर सेकंदाला तेवढे मीटर. त्याच्या वीस अलीकडे, वीस पलीकडे.”

“आणि हा आकडा तिला आधी कळता कामा नये.”

“नाही कळणार. ती अजून पहिल्याच पानावर अडून आहे.”

सरांनी खणातून स्टेपलर काढला, फरीनचं पुस्तक मागवलं आणि ज्या पानावर वेगांचा तक्ता होता तेवढंच पान पुन्हा टाचून टाकलं. ह्या वेळी पाच पिना मारल्या.

“विषयांची नावं बोर्डाकडे सोमवारी दुपारी जाणार,” ते म्हणाले. “कोणता सोमवार ते क्लार्कला विचारा.”

तो पुढच्या आठवड्यातला सोमवार निघाला. त्याच सोमवारी सकाळी नऊला मला वाळूजला हजर व्हायचं होतं. शनिवारी प्रयोग करायचा आणि रविवारी गाडी पकडायची, असं मी ठरवलं.

मुलांना आवाज दिसेल असं काहीतरी हवं होतं. खानावळीतून तेलाचा रिकामा डबा मिळाला. त्याचा तळ आणि झाकण दोन्ही कापलं. एका तोंडावर मोठा फुगा फाडून त्याचं रबर ताणून बांधलं, फार घट्ट नाही. रबरावर बोटाच्या पेराएवढा आरशाचा तुकडा चिकटवला. जत्रेत मिळतो तसला लाल लेझर त्या आरशावर रोखला. किरण तिथून मागच्या भिंतीवरच्या दुसऱ्या आरशावर जायचा आणि परत येऊन खिडकीच्या चौकटीला लावलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पडायचा. डबा खिडकीत, उघडं तोंड बाहेर. आवाज डब्यात शिरला की रबर हलणार, आरसा हलणार, लाल ठिपका उडणार. खिडकीतून समोरचा सरळ रस्ता दिसत होता, पार टोकाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. मुलांनी टेप लावून अंतर मोजलं, जाताना एकदा आणि येताना एकदा. खिडकीपासून टाकीच्या पायापर्यंत एकशे एकाहत्तर मीटर.

आवाजासाठी मी फरीनबरोबर तिच्या घरी गेले. मेहबूबभाई ओट्यावर बसून ट्रम्पेट पुसत होते.

“म्याडम, मोठा ढोल पाहिजे म्हणता? कुणाचं लगीन?”

“लग्न नाही. प्रयोग आहे. फरीन आवाजाचा वेग मोजणार आहे.”

त्यांनी ट्रम्पेट खाली ठेवली. मुलीकडे बघितलं. फरीनने भराभर हात हलवले. ते मान हलवत राहिले, मग माझ्याकडे वळले.

“तीस वर्षं वाजवतोय. कुणी विचारलं नाही, तुमचा आवाज किती जोरात पळतो म्हणून. लोक एवढंच विचारतात, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या धरून किती घेता.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण म्याडम, तिला कळंल का? नाय म्हंजे, नंतर रडत बसायची.”

फरीनने त्यांचे ओठ वाचले होते. तिने एकच खूण केली. मला ती येत नव्हती, पण मेहबूबभाई मोठ्याने हसले.

“काय म्हणाली?”

“म्हणते, ढोल द्या, सल्ला नको.”

शनिवारी सकाळी वारा नव्हता. वर्गाच्या बाकीच्या खिडक्या लावून अंधार केला. सात मुलांच्या हातात सात डिजिटल घड्याळं होती, बाजारातली, वसतिगृहातून जमवलेली. रस्त्याच्या टोकाला, टाकीखाली, मेहबूबभाई ढोल घेऊन उभे. काठी ढोलावर पडलेली दिसली की घड्याळ चालू करायचं. पुठ्ठ्यावरचा ठिपका उडाला की बंद करायचं. बोराडे सर मागे खुर्ची टाकून बसले.

मी लाल टॉवेल हलवला. मेहबूबभाईंनी काठी उचलली आणि मारली. काठी पडली. पुठ्ठ्यावर काहीच झालं नाही. आणि मग ठिपका उडाला.

सहा अंगठे दाबले गेले. फरीनचं घड्याळ चालूच राहिलं. ती पुठ्ठ्याकडे बघत होती.

“बंद कर,” मी खुणेने म्हटलं.

“उशिरा आला,” ती म्हणाली.

“हो.”

“मारलं तेव्हा इथे नव्हता. रस्त्यात होता.”

“हो.”

तिने मागे वळून बोराडे सरांना तेच सांगितलं, दोन्ही हातांनी, एक हात टाकीजवळ ठेवून आणि दुसरा हात छातीपर्यंत हळूहळू आणत. सरांनी चष्मा वर ढकलला. मग काढून पुसला.

“पुन्हा,” फरीन म्हणाली.

आम्ही तासभर मोजत होतो. फरीनने फळ्यावर सगळे आकडे लिहिले, सरासरी काढली आणि अंतराला वेळेने भागलं. उत्तर दोनशे नव्वद आलं.

तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहरे वाचणाऱ्या मुलीपासून लपवणार काय?

“चुकला?”

“चुकला.”

“वीसच्या आत नाही?” बोराडे सरांनी विचारलं.

“नाही, सर,” मी ओठांवर हात धरून म्हटलं. “पंचावन्नने कमी आहे.”

“आवाजसुद्धा सरकारी निघाला म्हणायचा. रमतगमत येतो.” सर उठले. माझ्याजवळ येऊन हळू बोलले, खरं तर हळू बोलायची गरज नव्हती, पण त्यांनी मुलांकडे पाठ केली. “मॅडम, उशिरा येतो एवढं तिला दिसलं ना? पुष्कळ झालं. आकडा आला नाही म्हणून मी तिला रागावणार नाही. पण विज्ञानाचं जमणार नाही.”

“सर, सोमवारी दुपारपर्यंत वेळ आहे.”

“तुम्ही रविवारी जाणार ना?”

मी फळ्याकडे बघत होते. हातून चूक होते तेव्हा काहींचा आकडा जास्त येतो, काहींचा कमी. इथे सातही जणांचा वेळ जास्त आला होता, आणि जवळजवळ सारखाच जास्त. सात जण एकच चूक करत असतील, तर ती चूक नसते, तिला कारण असतं. कॉलेजातल्या त्या मैदानावर मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

“सर, फक्त एकदा अजून. दोन मिनिटं.”

मी टाकीपर्यंत चालत गेले आणि मेहबूबभाईंना म्हटलं, “चाचा, आता काठी उचला, जोरात खाली आणा, पण मारू नका. अर्ध्यात थांबवा.”

“म्हंजे फसवायचं?”

“फसवायचं.”

मी परत येऊन मुलांच्या समोर उभी राहिले, खिडकीकडे पाठ करून. मला ढोल बघायचा नव्हता, अंगठे बघायचे होते. टॉवेल हलवला.

सातही अंगठे दाबले गेले. ढोल वाजलाच नाही.

मुलं ठिपक्याची वाट बघत राहिली. मग एकमेकांकडे बघायला लागली. मग दूरवर मेहबूबभाई हवेत काठी धरून पुतळ्यासारखे उभे आहेत हे दिसलं, आणि वर्गात एकदम हसू फुटलं. फरीन मात्र हसली नाही. तिने स्वतःचा हात उचलला, खाली आणला आणि अर्ध्यात थांबवला. पुन्हा उचलला. पुन्हा थांबवला.

“हात निघाला की आम्हाला कळतं तो कुठे जाणार,” ती म्हणाली. “आम्ही पोचेपर्यंत थांबत नाही.”

तेच कारण होतं. ही मुलं दिवसभर हात वाचत होती. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत त्यांना ते कळत असे. तसं कळलं नाही, तर त्यांचं एकमेकांशी बोलणंच झालं नसतं. काठी ढोलाला लागायच्या आधीच घड्याळं चालू होत होती.

“मग हात दिसताच कामा नये,” मी म्हटलं.

“चादर,” फरीन म्हणाली.

“चादर लावली तर वाजवलेलं कसं दिसेल?”

त्याचं उत्तर संध्याकाळी मेहबूबभाईंनी काढलं. त्यांच्याबरोबर लग्नात एक फोटोवाला असे. त्याची जुनी फ्लॅशगन त्यांनी उचलून आणली. दोन तारा एकमेकींना लागल्या की फ्लॅश उडतो. एक तार ढोलावर चिकटवलेल्या चांदीच्या कागदाला, दुसरी काठीच्या टोकाला गुंडाळलेल्या कागदाला. काठी ढोलाला लागेल त्याच क्षणी उजेड. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. फ्लॅश चादरीच्या वर बांबूला बांधायचा.

“कुणाचं लगीन म्हणून विचारलं फोटोवाल्यानं,” मेहबूबभाई म्हणाले. “मी म्हटलं, माझ्या पोरीचं, विज्ञानाशी.”

रविवारी दुपारी मी एसटी स्टँडसमोरच्या दुकानातून घरी वडिलांना फोन केला. माझी बॅग तिथेच पायाशी होती.

“आण्णा, मी उद्या वाळूजला जात नाहीये.”

“का? बरं नाही का?”

“सोमवारी सकाळी प्रयोग आहे.”

“प्रयोग? कसला? नाटकाचा?”

“विज्ञानाचा. मुलांचा आहे.”

“तृप्ते, मुलांचा आहे ना? मग मुलं करतील. तू तीन महिन्यांची माणूस. तुझ्या जागी रांगेत दहा जण उभे आहेत, माहितीये ना? जागा ठेवतील का ते मंगळवारपर्यंत?”

“नाही ठेवणार.”

“विचारलंस?”

“विचारलं. नाही म्हणाले.”



“मग आता?” आण्णांनी विचारलं.

“आता बॅग परत नेते.”

दोन वर्षांनी मी कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांसाठी असलेल्या बी.एड.ची मुलाखत दिली. टेबलापलीकडे तिघे बसले होते. माझ्या आधीची मुलगी आत काय बोलली ते बाहेर बाकावर ऐकू आलं होतं; सेवा, समाधान, लहानपणापासूनची आवड. मलाही तोच प्रश्न विचारला. शिक्षकी पेशा का निवडलात? अशा प्रश्नाला मला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. मी विचारलं, एका सोमवारी सकाळी काय झालं ते सांगितलं तर चालेल का? ते चालेल म्हणाले. मग मी त्यांना हे सांगितलं.

सोमवारी सकाळीही वारा नव्हता. थर्मामीटर तेवीस अंश दाखवत होता. टाकीखाली दोन बांबूंवर वसतिगृहाची निळी चादर ताणली होती. तिच्या मागे मेहबूबभाई, त्यांना टॉवेल दिसावा म्हणून चादरीला एक बारीक फट, वर फ्लॅश. बोराडे सर आज खुर्चीवर बसले नाहीत. ‘मी आल्याशिवाय बोर्डाचा लिफाफा बंद करू नका,’ असं त्यांनी क्लार्कला सांगून ठेवलं होतं.

“मॅडम, एक घड्याळ मलाही द्या,” ते म्हणाले. “पोरं मोजणार आणि मी नुसता बघत बसणार का?”

“घ्या ना. उजेड दिसला की चालू, ठिपका उडाला की बंद.”

“ठिपका कशाला? देवाने कान दिलेत. मी आपला आवाज ऐकूनच बंद करीन.”

फरीनने त्यांचे ओठ वाचले. तिने मला कोपर मारलं. “सरांचा आकडा वेगळा लिहू या.”

टॉवेल हलवला. चादर हलली नाही. मुलं उजेडाची वाट बघत होती, हात नव्हता, काठी नव्हती, नुसती निळी चादर. फ्लॅश उडाला. मग ठिपका उडाला. सात अंगठे, आणि आठवा सरांचा.

पहिले आकडे बघूनच मला कळलं की शनिवारसारखं होत नाहीये. मी काही बोलले नाही. ओठसुद्धा मिटून ठेवले. फरीनने प्रत्येक वेळी सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहिले, डावीकडे नववीचे, उजवीकडे सरांचे. मधे एकदा ढोलावरचा चांदीचा कागद फाटला. मेहबूबभाईंनी तो बदलला. मधे एकदा सातवीची पोरं खिडकीतून डोकावली आणि सरांनी त्यांना हाकललं. “थांबा रे, मोजमाप चाललंय इथं!” ते ओरडले. मग लक्षात येऊन तेच हातांनी सांगितलं. त्या मुलांना ते कळलं, पण ती गेली नाहीत.

पिवळा दिवा लुकलुकला. तास संपला. कुणी उठलं नाही.

फरीनने आधी उजवीकडची सरासरी काढली. अंतर भागिले वेळ. फळ्यावर लिहिलं आणि खडू सरांकडे रोखला.

“तीनशे अडुसष्ट,” सरांनी वाचलं. “आहे का जवळ?”

“नाही, सर,” मी म्हटलं. “तेवीसने जास्त आहे.”

“म्हणजे मी नापास?”

“कॉलेजात मीही अशीच नापास झाले होते. तीनशे सदुसष्ट.”

“पण का? मी तर चांगलं लक्ष देऊन दाबत होतो.”

मला तोवर माहीत नव्हतं. फरीन फळ्यासमोर उभी होती, दोन्ही बाजूंच्या आकड्यांकडे बघत. मग तिने डोळ्याला बोट लावलं.

“सरांनी सुरुवात डोळ्याने केली.” मग कानाला बोट लावलं. “शेवट कानाने केला. दोघं वेगळे. एक दुसऱ्यापेक्षा लवकर सांगत असेल.” तिने पुन्हा डोळ्याला बोट लावलं, आणि पुन्हा डोळ्याला. “आम्ही सुरुवात डोळ्याने केली, शेवटही डोळ्याने. जेवढा उशीर इथे, तेवढाच तिथे.”

मी ते सरांना मराठीत सांगितलं. सांगता सांगता मला मैदानाच्या टोकाचा तो फटाका दिसत होता. कान डोळ्यापेक्षा अंगठ्याला लवकर कळवतो, म्हणून वेळ कमी भरतो आणि वेग जास्त येतो. एवढंच होतं ते.

“असं आहे होय,” सर म्हणाले. त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. “मग आता नववीचं बघू.”

फरीनने डावीकडच्या आकड्यांची बेरीज सुरू केली. सहाही मुलं फळ्याजवळ आली. एकाने चुकलेला हातचा बोटाने दाखवला, तिने पुसून पुन्हा मांडला. खिडकीबाहेर मेहबूबभाई रस्त्याने चालत येत होते, ढोल गळ्यात, काठी काखेत. ते खिडकीशी येऊन थांबले आणि गजांतून आत बघायला लागले.

“झालं का?” त्यांनी मला विचारलं.

“व्हायचंय.”

फरीनने वळून मला हाक मारली. टेबलावर हात आपटून बोलावतात तशी नाही, खुणेने. पण तीन बोटं नव्हती आणि हात दाराकडे गेला नाही. तिने मूठ धरली होती आणि तिचा अंगठा त्या मुठीवर दाबला जात होता, घड्याळाचं बटण दाबतात तसा.

“तुम्ही भागाकार तपासा,” ती म्हणाली.

मी फळ्याजवळ गेले. अंतर एकशे एकाहत्तर मीटर. नववीच्या सात जणांची वेळेची सरासरी शून्य दशांश चार नऊ आठ सेकंद. भागाकार मी दोनदा केला. सरांनी फरीनच्या पुस्तकातल्या पाच पिना एकेक करून काढल्या आणि तक्त्याचं पान उघडून फळ्याच्या कडेशी धरलं.

फरीनने मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

तापमान २३ अंश सेल्सिअस. हवेतील ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद.